उपकरणे बदलत राहण्याऐवजी समजून घेऊन दुरुस्त करायची असतील तर सुरुवात कोठून करावी?

कृष्णाकाठ

नमस्कार.

घरातले एखादे उपकरण बंद पडले की आमच्याकडे जे घडते, ते बहुधा येथील सर्वांच्याच परिचयाचे असेल. सेवाकेंद्रातून कोणीतरी येतो, झाकण उघडून आत डोकावतो, "बोर्ड गेला" किंवा "कॉइल जळाली" असे सांगतो, दुरुस्तीचा आकडा नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीपर्यंत नेऊन ठेवतो आणि "त्यापेक्षा नवीनच घ्या" असा सल्ला देऊन भेटीचे शुल्क घेऊन जातो. मिक्सर असाच गेला, दिवाणखान्यातला पंखा असाच उतरवला आणि आता वॉशिंग मशीनची पाळी आली आहे. त्या माणसाचे निदान चुकीचे असते असा माझा दावा नाही. ते बरोबर आहे की नाही हे ठरवण्याइतकीही जाण आपल्याला नसावी, हे मला खटकते.

मी वाणिज्य शाखेची असून विजेविषयीचा अभ्यास दहावीच्या विज्ञानापलीकडे गेलेला नाही. यूट्यूबवरच्या पुष्कळ चित्रफिती पाहिल्या. जुना भाग काढून नवा कसा बसवायचा हे त्यांत व्यवस्थित दिसते, परंतु इतक्या भागांपैकी नेमक्या त्याच भागावर संशय का घेतला, हे क्वचितच सांगितलेले असते. म्हणून अनुभवी सभासदांना विचारते की, माझ्यासारख्या व्यक्तीने कोणत्या उपकरणापासून सुरुवात करावी, कोणती साधने घ्यावीत आणि कशाला अजिबात हात लावू नये? मुलगा नववीत आहे व त्यालाही यात रस आहे. त्याला हे पद्धतशीर शिकता येईल अशी काही सोय आपल्याकडे आहे का, हेही कळले तर बरे होईल.

जुना निदेशक

चित्रफितींविषयीचे आपले निरीक्षण अचूक आहे आणि शिकण्याचा क्रमही त्यावरूनच ठरतो. भाग बदलणे हे हाताचे काम असून सरावाने ते कोणालाही जमते. दोष कोठे आहे हे ठरवायला मात्र यंत्र कसे चालते ते माहीत असावे लागते. आयटीआयमध्ये विजतंत्री शाखेला शिकवताना मी मुलांच्या हाती आधी चालू स्थितीतले उपकरण देत असे, कारण धडधाकट यंत्र आतून कसे दिसते, कसे वाजते आणि किती गरम होते हे ठाऊक नसेल, तर बिघडलेल्यात काय वेगळे आहे ते कळणार तरी कसे?

उपकरण उघडण्यापूर्वी घरातील वायरिंग एखाद्या परवानाधारक विजतंत्र्याकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण अर्थिंगची तार त्याच्यापर्यंत आलेलीच नसते. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवलेला नसेल तर तो आधी बसवावा, मात्र त्याच्या भरवशावर निर्धास्त होऊ नये. तो फक्त गळती ओळखतो. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणारा माणूस त्याच्या लेखी आणखी एक दिवा असतो, आणि ईएलसीबी वीज तोडत नाही. त्यामुळे उपकरण उघडताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. कित्येक बोर्डांत बटण चुकीने न्यूट्रलवर बसवलेले असते आणि बटण बंद असतानाही आत फेज जिवंत राहतो. टेस्टरचा दिवा लागला तर वीज आहे हे नक्की, परंतु तो लागला नाही म्हणून वीज नाही असे कधीही धरून चालू नये.

सुरुवातीसाठी मिक्सर आणि पंखा यांच्यासारखे शिक्षक नाहीत, कारण ते काहीही लपवत नाहीत. मिक्सरच्या मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज पोचवण्यासाठी दोन बाजूंनी कार्बनचे दोन छोटे ठोकळे स्प्रिंगच्या दाबाने कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागावरील तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, टेकलेले असतात. मोटर मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे घेऊ शकते, त्यामुळे कार्बन झिजतो. किंबहुना तांब्याऐवजी तो झिजावा अशीच योजना असते. मिक्सर वाटता वाटता एकाएकी थांबला तर प्रथम तळाशी असलेले लाल बटण दाबून पाहावे. भार जास्त झाला की ते उडते, आणि केवळ तेवढ्यासाठी दुकानात आलेले मिक्सर मी पुष्कळ पाहिले आहेत. तरीही चालू झाला नाही तर प्लग काढून तळाचे स्क्रू सोडवावेत आणि कार्बन बाहेर काढून पाहावेत. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके उरले असतील किंवा त्यांची कड ढासळली असेल, तर दोन्ही एकदमच बदलावेत; शंभर रुपयांच्या आत जोडी मिळते. आता कम्युटेटर हाताने सावकाश फिरवून पाहावा. चांगल्या स्थितीत त्याच्या तांब्याच्या पट्ट्यांवर एकसारखी तपकिरी झाक असते. काळा थर साचला असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने तो हलकेच काढावा. एमरी पेपर मात्र वापरू नये, त्याचे कण वीजवाहक असतात आणि पट्ट्यांमधील फटींत जाऊन बसतात. चालू मोटरमध्ये कार्बनपाशी बारीक निळसर ठिणगी दिसणे स्वाभाविक आहे. संपूर्ण घेराला केशरी ठिणग्यांचे कडे दिसू लागले, किंवा एखादी पट्टी जळून खड्डा पडला असेल, तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, गेले असे समजावे. तसे झाल्यावर "नवीन घ्या" हा सल्ला पुष्कळदा रास्त असतो, पण तो रास्त का आहे हे आता आपल्याला स्वतःला दिसलेले असते.

पंख्याचे निदान याहून सोपे आहे. बटण लावल्यावर पंखा नुसता गुणगुणतो आणि काठीने पाते ढकलले की फिरू लागतो, तर दोष बहुधा कंडेन्सरचा, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचा, असतो. एकाच फेजवर चालणाऱ्या मोटरला आपणहून फिरायला सुरुवात करता येत नाही, म्हणून तिच्यात दुसरे वाइंडिंग (तांब्याच्या तारेचे वेटोळे) देऊन त्यातील प्रवाह कंडेन्सरच्या साहाय्याने थोडा पुढे-मागे केलेला असतो. कंडेन्सर पूर्ण निकामी होण्याआधी त्याची क्षमता घटत जाते, म्हणूनच जुना पंखा वर्षानुवर्षे मंद होत गेलेला आढळतो. बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. मीटरवर तो १.६ किंवा १.७ दाखवत असेल तर काय करायचे हे वेगळे सांगायला नको. वेग वाढावा म्हणून मूळ क्षमतेपेक्षा मोठा कंडेन्सर टाकून देणारे कारागीर आहेत. पंखा जोरात फिरतो आणि गिऱ्हाईक खूश होते, पण वाइंडिंग गरम राहते. पंखा थोडा वेळ चालवून बंद केल्यावर पाती मध्येच करकरत थांबत असतील, तर दोष बेअरिंगचा आहे आणि बेअरिंगही बाजारात सुटे मिळते.

कशाला हात लावू नये, हे स्पष्टच सांगतो. मायक्रोवेव्ह उघडू नये; त्याच्या कंडेन्सरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो जीव घेऊ शकतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीचेही तसेच. मोबाईलची फुगलेली बॅटरी, गॅस गीझर आणि एसीचा गॅस ही कामे घरी करायची नव्हेत.

परिपथ

सरांनी साधनांचा विषय सोडला आहे, म्हणून थोडी भर घालतो. सुरुवातीला चांगल्या पोलादाचे दोन-तीन पेचकस, एक इन्सुलेशन असलेली पकड, डिजिटल मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न एवढे पुरते. मल्टिमीटर घेताना कंडेन्सरची क्षमता मोजण्याची सोय असलेला घ्यावा, अन्यथा वर सांगितलेली पंख्याची तपासणी करता येणार नाही. त्याच्याबाबत एक धोका नवशिक्यांना कोणी सांगत नाही: प्रवाह मोजण्यासाठी लाल तार १० अँपिअरच्या छिद्रात घातली आणि नंतर ती तशीच ठेवून सॉकेटचा दाब मोजायला गेलो, तर मीटर म्हणजे थेट शॉर्टसर्किट होते. स्वस्त मीटरमध्ये त्या मार्गावर बहुधा फ्यूजही नसतो. ते छिद्र चिकटपट्टीने बंदच करून टाकावे. घरगुती दुरुस्तीत त्याची गरज जवळजवळ पडत नाही.

दुसरे साधन विकत मिळत नाही, ते बनवून घ्यावे लागते, आणि कोणत्याही जुन्या दुकानात ते भिंतीवर टांगलेले दिसेल. लाकडी पाटीवर एक होल्डर, एक बटण आणि एक सॉकेट अशा रीतीने जोडायचे की सॉकेटकडे जाणारा प्रवाह होल्डरमधील दिव्यातूनच जाईल. होल्डरमध्ये १०० किंवा २०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लावतात. एलईडी येथे चालत नाही. दुरुस्त केलेले उपकरण पहिल्यांदा या सिरीज बोर्डवर लावायचे. आत शॉर्ट राहिला असेल तर दिवा पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि त्याहून अधिक काही होत नाही. परिपथ तुटलेला असेल तर दिवा लागतच नाही. आणि मिक्सर ठीक असेल तर दिवा मंद पेटून मोटर जेमतेम फिरते. मीटरचे आकडे वाचायला शिकण्याआधी मुलाला हा बोर्ड एखाद्या विजतंत्र्याच्या देखरेखीखाली बनवायला लावावा, कारण सिरीज जोडणी म्हणजे काय हे तो करतानाच समजते.

सुट्या भागांसाठी पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही ठरलेली ठिकाणे आहेत. आपल्याकडे मोटर रिवाइंडिंगच्या एखाद्या दुकानदाराशी ओळख वाढवावी. शेतीपंपांमुळे ही दुकाने तालुक्यांच्या गावीही टिकून आहेत आणि तेथील माणसाला वाइंडिंगचे जितके कळते तितके सेवाकेंद्रात येणाऱ्याला बहुधा कळत नाही.

हिशेबी

दुरुस्तीचा पुरस्कार मलाही मान्य आहे, परंतु प्रत्येक वस्तू वाचवलीच पाहिजे असा सूर लागू नये. जुन्या पंख्याचेच उदाहरण घेऊ. तो साधारण ७५ वॅट खातो, तर बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणाऱ्या मोटरचा, पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवाणखान्यातला पंखा रोज १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस चालत असेल, तर ४५ वॅटच्या फरकाने वर्षाला १६२ युनिट वाचतात. युनिटला आठ ते दहा रुपये धरले तर ही बचत सुमारे १३०० ते १६०० रुपयांची होते, म्हणजे तीन हजारांचा पंखा दोन वर्षांत किंवा त्याहून थोड्या अधिक काळात वसूल होतो. त्यामुळे कंडेन्सर किंवा बेअरिंग गेले असेल तर जरूर बदलावे, पण वाइंडिंग जळाले असेल आणि पंखा दिवसभर चालणारा असेल, तर रिवाइंडिंगवर खर्च करण्यात अर्थ नाही. पाहुण्यांच्या खोलीत दिवसाला तासभर चालणाऱ्या पंख्याचा हिशेब मात्र अगदी उलट येतो.

याची दुसरी बाजूही आहे. जुन्या पंख्यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे कंडेन्सर, आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. बीएलडीसी पंख्यात त्याची जागा इलेक्ट्रॉनिक बोर्डने घेतली आहे; तो ज्या त्या कंपनीचा निराळा असतो, विजेच्या दाबातील चढउतारांनी जातो आणि गेला की अख्खा बदलावा लागतो. म्हणून घेतानाच हमीचा कालावधी आणि बोर्ड सुटा मिळतो का, हे विचारावे. वीज वाचवणारी वस्तू अधिक दुरुस्तीयोग्यही असेल असे नाही, आणि या दोहोंत निवड करावी लागते ही आजची खरी अडचण आहे.

एलईडी दिव्यांच्या दुरुस्तीचा उत्साहही बेताचा ठेवावा. आतील छोटे एलईडी सहसा एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे काळा ठिपका पडलेला एक जरी गेला तरी सगळा दिवा विझतो. त्याच्यावरून सोल्डरचा थेंब टाकून जोड दिला की दिवा पुन्हा लागतो, हे खरे; परंतु बाकीचेही त्याच उष्णतेत तितकेच भाजून निघालेले असतात आणि लवकरच दुसरा जातो. शिवाय स्वस्त दिव्यांत ती पट्टी थेट २३० व्होल्टशी जोडलेली असते, म्हणून उघड्या स्थितीत लावून पाहणे धोक्याचे आहे.

पठारावरून

मुलाच्या शिक्षणाविषयी लिहितो. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हाच तेथील शिक्षणाचा पाया आहे आणि त्यातूनच 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा शालेय विषय उभा राहिला, जो आयबीटी या नावाने राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत शिकवला गेला आहे. आठवड्यातला एक दिवस मुले वर्गाऐवजी कार्यशाळा, शेती, ऊर्जा आणि गृह-आरोग्य या विभागांत काम करतात, आणि केलेल्या कामातून गावाला खरी सेवा दिली जावी अशी अपेक्षा असते. आपल्या भागातील एखाद्या शाळेत आयबीटी आहे का, याची चौकशी करावी. अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवण्याची कार्यशाळाही, उभी राहिली. शाळेत सोय नसेल तर सुट्टीत मुलाला एखाद्या रिवाइंडिंगच्या दुकानात बसू द्यावे. दुकानदार पहिल्यांदा झाडूच देईल, हे गृहीत धरावे.

शहरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक नमुना आहे. मार्टिन पोस्टमा या डच पत्रकार महिलेने २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला 'रिपेअर कॅफे' भरवला. तेथे बिघडलेली वस्तू सोडून निघून जायचे नसते, तर जाणकारासोबत बसून ती उघडायची असते. पुढे बंगळुरूतही असे मेळावे भरू लागले. आपल्या वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी असे काही करायला फारसा खर्च येणार नाही.

ग्राहकपक्ष

सेवाकेंद्र आपल्याला भाग विकत नाही आणि बाहेरच्या कारागिरालाही देत नाही, या प्रश्नाकडे केवळ वैयक्तिक कौशल्याच्या अंगाने पाहून चालणार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण भाग अडवून ठेवणे हा स्पर्धेचा भंग ठरू शकतो हे त्यातून नोंदले गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. मे २०२५ मध्ये दुरुस्तीक्षमता निर्देशांकाबाबतचा अहवालही सादर झाला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दहापैकी किती गुण हे छापावे लागते, त्याच धर्तीची ही कल्पना आहे. माझ्या मते संकेतस्थळावर सेवाकेंद्रांचे पत्ते देणे पुरेसे नाही; भागांच्या किमती आणि ते किती वर्षे मिळतील हे विक्रीच्या वेळीच सांगण्याचे बंधन हवे.

तूर्त आपण एवढे करू शकता: "भाग उपलब्ध नाही" हे उत्तर लेखी मागा. तोंडी सहज निघणारे हे वाक्य कागदावर द्यायला सेवाकेंद्रे कचरतात. लेखी मिळाले किंवा नाकारले, दोन्ही प्रसंगी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सिरीज बोर्डचे साहित्य आणायला मुलगा आजच निघाला आहे; देखरेखीसाठी शेजारचे विजतंत्री तयार आहेत. आता अडलेल्या प्रश्नाविषयी विचारते. आमचे वॉशिंग मशीन वरून कपडे टाकण्याचे, पूर्ण स्वयंचलित आहे. पाणी नीट भरते, कपडे धुतलेही जातात, परंतु नंतर पाणी बाहेर जात नाही आणि मशीन तेथेच थांबून सूचना दाखवते. बोर्ड गेल्याचे सांगितले आहे. हमी केव्हाच संपली आहे. बोर्डची मागणी नोंदवण्यापूर्वी मी काय पाहू शकते?

जुना निदेशक

आपण लक्षणे नेमकी सांगितली, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. पाणी भरते आणि धुणे होते, याचा अर्थ बोर्डला वीज मिळते आहे, पाण्याची पातळी त्याला कळते आहे आणि मोटर दोन्ही दिशांना फिरते आहे. म्हणजे बोर्डचा बराचसा भाग शाबूत असून शंका फक्त पाणी सोडण्याच्या मार्गापुरती उरते.

प्रथम प्लग काढून बाहेर जाणारा पाइप पाहावा. तो वाकलेला नसावा आणि त्याचे टोक कंपनीने सांगितल्यापेक्षा उंच बांधलेले नसावे. नंतर पाणी मगाने उपसून दोघांनी मिळून मशीन भिंतीला टेकवून तिरके करावे आणि खालून विजेरीच्या प्रकाशात पाहावे. अशा मशीनचा तळ पुष्कळदा उघडाच असतो, त्यामुळे उंदीर आत शिरून तारा कुरतडतात, आणि "बोर्ड गेला" या निदानामागे पुष्कळदा ही तुटकी तार असते. तारा ठीक असतील तर पाणी सोडणाऱ्या झडपेकडे वळावे. आपल्याकडील बऱ्याच मॉडेलांत पंप नसतो. एक छोटी ड्रेन मोटर तार ओढून झडप उघडते आणि त्याच ओढीने धुण्यावरून पिळण्यावर नेणारा क्लचही बदलते. झडपेत नाणे, हेअरपिन किंवा कपड्यांचा लगदा अडकला असेल तर ती उघडत नाही. ती हाताने ओढून पाहावी. सहज उघडली तर ड्रेन मोटरचा जोड सोडवून तिच्या दोन टोकांमधील रोध मीटरवर मोजावा. मीटर काहीच दाखवत नसेल तर त्या मोटरची कॉइल तुटली आहे आणि ती मोटर सुटी मिळते.

तिचा रोध ठीक आला, तारा सलग आढळल्या, झडपही मोकळी निघाली, तरच बोर्डवर संशय घ्यावा. तेव्हाही बहुतेक वेळा त्या मोटरला वीज सोडणारा ट्रायॅक हा एकच छोटा भाग गेलेला असतो. अडचण अशी की, ओलाव्यापासून बचावासाठी या बोर्डांवर रेझिनचा जाड थर ओतलेला असतो आणि तो खरवडून काढण्याचे कष्ट सेवाकेंद्र घेत नाही. बोर्ड दुरुस्त करणारी स्वतंत्र दुकाने ते काम करतात. नेण्यापूर्वी प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे, दुकानदाराला "फक्त ड्रेनला वीज येत नाही" एवढे नेमके सांगावे आणि भाव आधी ठरवून घ्यावा. जोड लावलेल्या आणि वीज चालू असलेल्या मशीनवर मोजमाप करण्याची वेळ आली, तर ते काम त्याच्याकडूनच करून घ्यावे.